तिसरी घडी

पडद्यावर एक चादर उलगडायची आहे.
चार घड्या, चार सेकंद,
मधोमध मोर, काठाला वेलबुट्टी.
येमूलशेठना ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर हवी,
आणि लिंक पाठवली की कुठल्याही ब्राउझरमध्येही हवी.
"दोन्हीकडं सारखीच पळाली पाहिजे बघा, मॅडम."

सारखीच.
शब्द वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.

डेस्कटॉपवर सेकंदाला साठ चित्रं.
एका ब्राउझरमध्ये अठ्ठावन्न, दुसऱ्यात चौतीस,
तिसऱ्यात कधी एक्कावन्न, कधी सव्वीस,
पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावलेल्या पोरासारखं.
हे सकाळचे आकडे.
दुपारी दोनला, अक्कलकोट रोडच्या पत्र्याखाली,
मे महिना, त्रेचाळीस अंश,
तेच मशीन, तीच चादर, तोच मोर,
आणि साठाचे एकेचाळीस.
लॅपटॉपचा पंखा किंचाळत होता.
खाली हवा खेळावी म्हणून दोन रिकाम्या कांड्या सरकवल्या
आणि तक्त्यात "वेग"च्या शेजारी
एक रकाना वाढवला: "किती वाजता".

मग मी पहाटे पाचलाच यायला लागले.
तेव्हा कारखान्यात फक्त राजेशममामा,
जॉबर, एकतीस वर्षं मागांच्या आवाजात राहून
कानानं अधू झालेले,
आता मागाच्या अंगावर तळवा ठेवून
काय बिनसलंय ते ओळखणारे.

"तुझ्या मशीनचं पीक किती?"
साठ म्हटलं.
"मिन्टाला?"
सेकंदाला.
मामा हसले. त्यांचा माग मिनिटाला एकशेवीस,
म्हणजे सेकंदाला दोन धागे.
"मग तुझा मोर आत्तापर्यंत हैदराबादला पोचला असता की."

दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या.
डावीकडे साठ, उजवीकडे अठ्ठावन्न,
आकडे झाकून ठेवले.
खरं सांगायचं तर मला स्वतःला फरक दिसत नव्हता,
मी सरासरीवर विश्वास ठेवून बसले होते.

मामांनी तीनदा पाहिलं. चष्मा पुसून चौथ्यांदा.
मग तेलकट बोट उजव्या खिडकीवर टेकवलं,
तिसऱ्या घडीपाशी.
"हितं पट्टी पडलालीय."

पट्टी?
"धोटा एकदा अडखळला तरी मीटर बरोबरच दाखवतंय.
दिवसाची मोजणी भरती. मजुरी पण मिळती.
कापड उजेडात धरलं की मग दिसती,
बोटभर, आडवी."

मी नोंदी उघडल्या.
चार सेकंदांत दोनशे चाळीस चित्रं व्हायला हवी होती,
झाली दोनशे बत्तीस.
आठच गळालेली, पण आठही एकाच जागी,
कारण बरोबर तिसऱ्या घडीला
ब्राउझरला आपलं घर झाडायची आठवण झाली होती.

मग घाबरत घाबरत चौतीसवाली दाखवली,
जी मी लाल रंगात लिहून निकालात काढली होती.
मामांनी मान डोलावली.
"सावकाश हाय. पण एकसारखी हाय.
हा माल पास होईल."
आणि चहा प्यायला गेले,
माझे तीन दिवसांचे आलेख तिथंच टेबलावर सोडून.

सातला पाळी सुरू झाली. ओळीनं माग लागत गेले,
टेबल थरथरायला लागलं,
डावा मोर, उजवा मोर, वही, कप, बशी.

तक्त्यात शेवटचा रकाना काढला: "पट्ट्या".
झाडलोट घड्या उघडायच्या आधीच उरकून घे,
असं ब्राउझरला बजावून ठेवलं;
ऐकतो बहुतेक वेळा, नेहमी नाही.
तेही लिहिलं.

येमूलशेठनी तक्ता उघडला नाही.
आधी दुकानातल्या कॉम्प्युटरवर चादर पाहिली,
मग खिशातून स्वतःचा फोन काढला, काच तडकलेला.
तिथं सेकंदाला नऊ.
मोर थांबत थांबत, एकेक पीस मोजत उलगडला.
नऊमध्ये पट्टी कुठली शोधायची, सगळी पट्टीच.

"सारखीच हाय की," शेठ म्हणाले,
"उलट हितं मोर नीट बघायला मिळतोय."

मी वही काढली
आणि त्या दोन रेघांच्या खाली
बिलाची रक्कम लिहिली.